चुडा घासतो म्हणालीस

याडी,

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि आपल्या बोलीत लिहायची मला सवय नाही. म्हणजे तू असतीस तरी हा कागद मलाच तुला वाचून दाखवावा लागला असता, आणि तोंडानं सांगता येत नाही म्हणून तर मी लिहायला बसले आहे. तू गेलीस तेव्हा तू जेवढी होतीस, त्याहून मी आता मोठी आहे. आरशात पाहिलं की तुझी थोरली बहीण दिसते. अशा वयात आईला हाक मारायची जरा लाजच वाटते, पण दुसऱ्या कुणाला हाक मारू? माझ्या उजव्या काखेत गाठ आली आहे.

ती कधी आली ते मला माहीत नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, हे तुला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा तांड्यातली बाई एसटीत बसायची तीच मागच्या दाराजवळ, गाठोडं मांडीवर घेऊन. आता तुझी पोरगी खाकी घालून दारव्हा-यवतमाळ गाडीत तिकिटं फाडते. फाडते कसली, मशीन आहे, बटण दाबलं की कागद बाहेर येतो. पण घंटीची दोरी अजून तीच आहे. दिवसभर उजवा हात वर. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. पावसाळा संपता संपता मला वाटायला लागलं की खाकीची शिवण काखेत टोचते. शिंप्याला चार शब्द सुनावले. त्यानं बिचाऱ्यानं शिवण उसवून ढिली करून दिली. तरी काहीतरी मध्ये आहेच, जसं काखेत बोराची बी धरून ठेवली आहे. मग एका सकाळी आंघोळ करताना हात गेला आणि लागली. सरकली नाही. दाबली तर दुखलीही नाही.

दुखत नाही म्हणून मी खूश झाले, बघ केवढी शहाणी. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, गर्मीनं येते बगलेत गाठ. हळद लावा, बसून जाईन." मी हळद लावली. खाकीला पिवळे डाग पडले, गाठ बसली नाही. औषधाच्या दुकानातल्यानं गोळ्या दिल्या, त्या खाल्ल्या. जावेनं पावडर बदलायला सांगितली, तीही बदलली. घरचे म्हणजे तुझे जावई, तू त्यांना पाहिलं नाहीस, चांगला माणूस आहे, फक्त घाबरट आहे. ते म्हणाले, "सोयाबीन निघू दे, मंग जाऊ दवाखान्यात." मी म्हटलं, माझ्या काखेतलं पीक तुमच्या सोयाबीनसाठी थांबणार आहे काय? ते हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मला दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, माझ्या लेकीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. तिनं हात वर करायला सांगितला, बोटांनी चाचपलं, मग छाती तपासली, मग परत काख. विचारलं, "दुखतं का?" मी ऐटीत म्हटलं, नाही. ती म्हणाली, "दुखलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं." तेव्हा मी वर धरलेला हात खाली घेतला. मग ती लिहायला बसली आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात कुणाला असं होतं? आई, मावशी, आजी?" मी म्हटलं, नाही. "आई आहे?" नाही, मी सोळा वर्षांची होते तेव्हाच गेली. "कशानं गेली?"

आणि याडी, मी जन्मभर जे सांगत आले तेच सांगितलं. लग्नाच्या वेळी सासरच्यांना सांगितलं, कुणी विचारलं त्याला सांगितलं, स्वतःलाही तेच. मी म्हटलं, "तिचा चुडा घासला. काखेत जखम झाली, ती चिघळली, त्यात गेली."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. आपली माणसं तिच्याकडे येत असतील, चुडा म्हणजे दंडावरच्या बांगड्या हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं इतकंच विचारलं, "जखमेआधी गाठ होती का?" आवाज अगदी मऊ होता. मला तिच्या मऊपणाचा राग आला. मी म्हटलं, मला काय माहीत, मी लहान होते. पण मला माहीत होतं. विचारलं तेव्हाच मला कळलं की मला माहीत होतं.

तू भाकरी थापते आहेस. चुलीपुढं बसली आहेस, फेटियाच्या घागऱ्याचा घेर पायाखाली दाबून, आणि डाव्या हातानं थापते आहेस. उजवा हात अंगापासून दूर धरला आहेस, जणू काखेत पिलू आहे आणि ते चेंगरू नये. डाव्या हातानं भाकरी गोल येत नाही. मी हसते, म्हणते, याडी, ही भाकरी आहे की आपल्या वावराचा नकाशा? तू पण हसतेस. मी विचारते, हाताला काय झालं? तू म्हणतेस, "काई छेनी, छोरी. चुडो घासतो." काही नाही, चुडा घासतो. मग कापूस वेचायच्या दिवसांत तू ओटी उजवीकडून डावीकडे बांधायला लागलीस. मग एक दिवस तू आपल्याच कांचळीची बाही उसवून काखेत दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडत बसलीस. हिरव्या कांचळीत पिवळा तुकडा. तू एवढी नटवी, कांचळीवरचा एक आरसा वाकडा लागला तर अख्खी ओळ उसवणारी, आणि पिवळा तुकडा तुला चालला. मी न्हाणीत तुझी पाठ चोळायला आले तेव्हा माझा हात चुकून तिकडे गेला, तर तू हातावर सटकन मारलंस. तू मला फारसं मारायची नाहीस. म्हणून ते लक्षात राहिलं. माझ्या बोटांना जे लागलं होतं ते मात्र मी विसरून गेले, आणि आता माझ्याच काखेत परत सापडलं.

शेजारपाजारच्या बायकांनी पण तेच म्हटलं. काकी म्हणाली, चुडा घासते तिचा. आजी म्हणाली, नवीन चुडा आहे, बसायला वेळ लागते. नवीन कसला, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा होता. दारव्ह्याला तेव्हाही एक डॉक्टर होते. बापूनं तुला नेलं होतं. त्यांनी सांगितलं, चुडा काढा, हात नीट पाहू द्या. तू उठून उभी राहिलीस. बापूकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "हा जित्ता बसला आहे अन् मी चुडो काढू?" नवरा गेल्यावर काढायची वस्तू ती. बापूही उठला. त्याला मनातून बरंच वाटलं असेल, माणसाचा जीव असा असतो. दोघं जीपनं परत आलात. येताना माझ्यासाठी रिबीन आणलीत.

शेवटी हात सुजला. चुडा मांसात रुतला, तेल लावलं तरी एकही बांगडी जागची हलेना. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या माणसानं लोखंड कापायची पाती आणली. तू ओरडत होतीस, दुखतं म्हणून नाही, बापूच्या नावानं. आणि बापूच पुढं झाला. म्हणाला, "काप बावा. मी जित्ता हाव, मीच सांगून राह्यलो. काप." एकेक बांगडी कापून खाली पडत होती आणि बापू ती उचलून धोतरात घेत होता. त्या दिवसानंतर तू बापूशी बोललीस का? मला आठवत नाही. तू उजवा दंड टुकरीच्या पदराखाली झाकून ठेवायचीस, जसं उघडं अंग झाकतात. डाव्या हाताचा चुडा शाबूत होता. तो मला द्यायचा असं तू काकीला सांगून ठेवलंस. तू गेल्यावर काकीनं तो उतरवून माझ्या ओटीत घातला, आणि मी तो डब्यात बंद केला.

मी तो लग्नात घातला नाही. सासूनं आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, याच चुड्यानं माझी आई मेली, मारून टाका पण घालणार नाही. तांड्यात अशा आवाजात बोलणारी मी पहिलीच सून असेन. माझ्या मागून आलेल्या सुनांनी पण मग घातला नाही, आता तर कुणीच घालत नाही. मला त्याचा केवढा गर्व होता! गाडीत एखादी म्हातारी दंडभर चुडा घालून चढली की मी तिला बजावायची, आजी, काढा तो, घासते, माझी आई गेली त्यापायी. म्हाताऱ्या माझ्याकडे बघायच्या आणि खिडकीबाहेर बघायला लागायच्या. मला वाटायचं अडाणी आहेत. इतकी वर्षं मी उघड्या दंडाच्या भरवशावर जगले, याडी. तुला जे झालं ते मला होणारच नाही, कारण माझ्या हातात घासायला काही नाही. लस टोचून घेतल्यासारखी मी बिनधास्त होते.

यवतमाळला मशीनखाली छाती दाबून फोटो काढला. सुई घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. त्या दिवसांत मी ड्युटी केली. घरी बसून काय करणार? पण घंटी ओढायला डावा हात वापरायला लागले, आणि एकदा वाटेतल्या थांब्यावर गाडीच्या काचेत मला मी दिसले. उजवा हात अंगापासून दूर. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "मॅडम, डबल मारा नं, गाडी काहून थांबली?" गाडी थांबली होती कारण मी थांबले होते.

परवा उत्तर आलं. डॉक्टर चांगले होते, मला आणि यांना दोघांना खुर्चीवर बसवून सांगितलं. छातीत आत बारीक गाठ आहे, हाताला लागत नव्हती, ते दुखणं काखेत उतरलं आहे. आणखी कुठं गेलं आहे का ते नागपूरला बघतील. मी विचारलं, माझ्या आईलाही हेच होतं का? ते म्हणाले, "आता कसं सांगणार? पण तुम्ही सांगता त्यावरून, असेल." मग विचारलं, मुलगी आहे का. आहे म्हटलं. "तिला सांगा. तिनं स्वतःकडे लक्ष ठेवायला पाहिजे." बाहेर येऊन हे झाडाखाली बसले आणि गमछात तोंड घालून रडले. मी त्यांना चहा पाजला. स्वतः पण प्यायले. चहाला चव नव्हती, कशालाच नाही. हे म्हणाले, "पोरीले नको सांगू आताच. तिची परीक्षा होऊ दे." मी हो म्हटलं. पहिल्यांदाच मी त्यांचं इतक्या पटकन ऐकलं.

तिला तू पाहिलं नाहीस. यवतमाळला होस्टेलला असते, कॉलेजात शिकते. तुझं नाक आहे तिला आणि माझी जीभ. आज शनिवार, ती दुपारच्या गाडीनं येणार होती. हे वावरात गेले होते. घरात मी एकटी, आणि काय वाटलं देव जाणे, मी तुझा डबा काढला. चुडा पिवळा पडला आहे, जुन्या दातासारखा. तुझ्या डाव्या हाताचा तो, मी उजव्या दंडावर चढवला. वर्षापूर्वी चढला नसता. आता अंग एवढं उतरलं आहे की एकेक बांगडी सरसर वर गेली. का चढवला ते सांगते, हसू नको. मला वाटलं, तू म्हणत होतीस तेच खरं असू दे. थोडा वेळ तरी. काखेत दुखण्याला काहीतरी बाहेरचं कारण असू दे, जे काढून डब्यात ठेवता येईल.

सकाळपासून घालून होते. झाडलं, भांडी घासली, दोरीवर कपडे वाळत घातले. हात खाली सोडला की सगळा चुडा खळकन कोपराकडे येतो. हात वर केला की खांद्याकडे सरकतो, पण सगळ्यात पुढची बांगडीसुद्धा काखेच्या अलीकडेच अडते. मी मुद्दाम ढकलून पाहिली. हात वाकडा करून, अंगाशी दाबून, सगळं करून पाहिलं. याडी, तो काखेत पोचतच नाही. चुडा घासत नाही. कधीच घासत नव्हता.

तुला हे रोज दिसत होतं. काकीला, आजीला, सगळ्या तांड्यातल्या बायकांना, त्यांच्या दंडावर हेच होतं. गाडीतल्या त्या म्हाताऱ्यांना सुद्धा. एकीलाही तो काखेत लागत नव्हता आणि एकजात सगळ्या म्हणाल्या घासते. त्या खिडकीबाहेर का बघायच्या ते मला आज कळलं. मी ओसरीवर बसून राहिले. तुझा राग आला, इतका की तू समोर असतीस तर मी तुला गदागदा हलवलं असतं. तुला कळलं होतं. माझ्या हातावर मारलंस तेव्हा तर कळलंच होतं. मग मला का नाही सांगितलंस? मी लहान होते म्हणून? की सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं म्हणून? एकटीनं एवढं काखेत धरून तू कापूस कसा वेचलास?

असा राग करत बसले होते तेव्हा लेक आली. बॅग टाकली आणि मला पाहून हसत सुटली. "आई, हे काय वं? तू अन् चुडो? सूर्य कुठून उगवला आज?" मग हसता हसता थांबली. म्हणाली, "हात काहून असा धरून राह्यली तू?"

मी म्हटलं, "काई नाही वं. चुडा घासते."

विचार न करता आलं तोंडात, जसं तुझ्या तोंडातून घसरून माझ्या तोंडात पडलं. आणि सांगू? म्हटल्याबरोबर बरं वाटलं. तू का म्हणत होतीस ते मला त्या एका क्षणात कळलं, डॉक्टरांनी हजारदा सांगून कळलं नसतं. लेक आत गेली, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. माझ्यापुढं मांडी घालून बसली, दंडाला तेल चोळलं आणि एकेक बांगडी हळूच फिरवत खाली आणून काढली. तिचे हात फार हलके आहेत. तुझ्या बांगड्या कुणी अशा काढल्या नाहीत. सगळ्या काढून तिनं डब्यात रचून ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून तसाच, अंगापासून दूर.

"आता तं काढला," ती म्हणाली. "आता कायचं घासते?"

मी म्हटलं, "काई छेनी." आपल्या बोलीत म्हटलं. तिला ती बोली नीट येत नाही, पण एवढं कळतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं सगळा स्वयंपाक उरकला, आता चहा ठेवला आहे, साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. माझा दंड तेलकट आहे, कागदावर डाग पडतो आहे. लिहायला लागले तेव्हा वाटलं होतं, तुला कुठं पाठवता येणार हे, तर ती बाहेर आली की तिच्याच हातात द्यावं. तिला मराठी वाचता येतं. आता तिची पावलं ऐकू येत आहेत आणि मी कागदाची घडी घालते आहे. डबा समोरच आहे, चुड्याखाली मावेल.

मघाशी ती उठताना तिनं माझ्याकडे कसं बघितलं ते तुला सांगायचं राहिलं. मी तुझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मी तुझं मानलं होतं, याडी. तिनं माझं मानलेलं नाही.